झाड आईच्या नावानं, पाणी आईच्या डोक्यावर

५ जून २०२४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत पिंपळाचं रोप लावून 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम सुरू केली. त्या सप्टेंबरपर्यंत ८० कोटी आणि मार्च २०२५ पर्यंत १४० कोटी झाडं, असं उद्दिष्ट जाहीर झालं. शाळांनी, बँकांनी, पोलिसांनी, साखर कारखान्यांनी सगळ्यांनीच आपापल्या आईच्या नावानं खड्डे खणले आणि फोटो काढले. मला या मोहिमेशी भांडायचं आहे, आणि ते जोधपूरमधून भांडायचं आहे. कारण वाळवंटातल्या शहरात झाड लावण्याचं सोंग फार दिवस टिकत नाही. कोकणात रोप खड्ड्यात ठेवलं आणि विसरलं तरी पावसाला कधी कधी दया येते. इथे वर्षाकाठी सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवसांत. उरलेले नऊ महिने त्या रोपाला कुणीतरी पाणी घालायला हवं. हे 'कुणीतरी' कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

तारखेपासूनच सुरुवात करू. ५ जून हा पर्यावरण दिन १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेवरून आला. स्टॉकहोमला जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड लावायला हरकत नसावी. जोधपूरला त्या दिवशी दुपारी अनवाणी पाय दगडावर ठेवता येत नाही. तेव्हाच्या जोधपूर जिल्ह्यातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा हवेत नर्सरीच्या पिशवीतून काढलेलं कोवळं रोप उघड्या रस्त्यावर लावायचं, त्याभोवती देणगीदाराच्या नावाचा लोखंडी कठडा ठोकायचा आणि मंडप गुंडाळून निघून जायचं. पुढच्या वर्षी त्याच कठड्यात नवं रोप येतं. कठडे मात्र चांगले टिकतात.

मैत्रिणींनो, 'झाडांवर कसलं लिहितेस, अत्याचाराच्या केसेस संपल्या का?' असं मला चळवळीतल्याच एकीनं विचारलं. तिचा राग मला समजतो. पर्यावरण म्हटलं की आपल्यापुढे सकाळी फिरायला जाणारे, बागेत योगासनं करणारे लोक येतात, आणि ते चित्र अगदीच खोटं नाही. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता जोधपूरच्या रस्त्यावर कोण असतं ते पाहा. घंटाघरच्या बाजारात टोपली मांडून बसलेली भाजीवाली. चौथ्या घरची भांडी उरकून पाचव्या घरी निघालेली मोलकरीण. डोक्यावर घमेलं घेऊन बांधकामावर चढणारी मजूर बाई, आणि तिथेच वाळूच्या ढिगाशेजारी ओढणीच्या झोळीत झोपलेलं तिचं पोर. कचरा वेचणाऱ्या मुली. वस्तीत घरोघरी फिरणारी आशा. रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्या. ज्याच्या घरात कूलर आहे तो त्या वेळी घरात असतो. सावलीची गरज ज्यांना आहे त्यांच्यात बायाच बाया आहेत, आणि झाडं कुठे लावायची हे ठरवणाऱ्यांत त्यांच्यापैकी एकही नाही. हा बायांचा प्रश्न नसेल तर कोणता आहे?

मी खाणपट्ट्यालगतच्या वस्त्यांत काम करते. जोधपूरचा लालसर वालुकाश्म देशभर जातो. तो काढणाऱ्या पुरुषांची फुप्फुसं धुळीनं भरतात आणि चाळिशीच्या आत-बाहेर माणूस जातो. मागे उरलेल्या विधवा नुकसानभरपाईच्या कागदांसाठी हेलपाटे घालतात आणि मधल्या काळात भाजी, चिंध्या, बांगड्या, जे मिळेल ते रस्त्यावर बसून विकतात. यांच्या दिवसाचं वेळापत्रक सावली ठरवते. सकाळी भिंतीच्या एका बाजूला, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला. मधला दीड-दोन तासांचा वेळ, जेव्हा भिंतीला सावलीच नसते, तेव्हा डोक्यावर पोतं. जिथे झाड आहे तिथली जागा पक्की, तिथे गिऱ्हाईकही दोन मिनिटं थांबतं आणि पालेभाजी संध्याकाळपर्यंत तग धरते. झाड म्हणजे त्या बाईच्या धंद्याचं भांडवल आहे. ते तोडलं गेलं तर तिला कुणी नुकसानभरपाई देत नाही, कारण तिचं काही तुटलं असं कुठल्याच कागदावर दिसत नाही.

झाडानं हवा थंड होते असं आपण सरसकट म्हणतो. हवेचं तापमान खरं तर फार उतरत नाही, एखाद-दोन अंश. फरक पडतो तो अंगावर येणाऱ्या उष्णतेत. उन्हात तापलेल्या दगडाच्या आणि डांबराच्या तुलनेत सावलीतला पृष्ठभाग ११ ते २५ अंशांनी थंड असू शकतो. जोधपूर हे दगडाचं शहर. फरशी दगडाची, भिंत दगडाची, खाली खडक. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन तो दगड रात्री परत देत राहतो. पुरुष गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपतात. तरण्या मुली, सुना आतल्या खोलीत. भिंतीवर दुपारी कडुनिंबाची सावली असली तर त्या खोलीत रात्री झोप लागते, नसली तर नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी उष्णतेच्या आराखड्यांत फारशी येत नाही. या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नाही, बाजारात त्यांना जायला जागा नसते म्हणून. भर उन्हात मुद्दाम कोरड्या घशानं बसलेली बाई आधी चक्कर येऊन पडेल की आधी लघवीच्या जळजळीनं डॉक्टरकडे जाईल, एवढाच प्रश्न. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले, त्यातून धडा घेऊन २०१३ साली त्या शहरानं उष्णता कृती आराखडा केला आणि मग इतर शहरांनी त्याचं अनुकरण केलं. चांगलंच झालं. पण 'भरपूर पाणी प्या, दुपारी घराबाहेर पडू नका' ही सूचना कुणाला उद्देशून आहे? हातावर पोट असलेल्या बाईला ती वाचून हसू येतं. तिला झाड हवं, झाडाजवळ प्याऊ हवी आणि हाकेच्या अंतरावर संडास हवा. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच सावलीचा तिला उपयोग.

आता झाडं लावतात कुठे ते पाहू. विमानतळाकडे आणि मोठ्या हॉटेलांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुभाजकांत! दुभाजकातल्या झाडाखाली कोण उभं राहणार? त्याची सावली गाडीच्या टपावर पडते, आणि गाडीत आधीच एसी असतो. त्यातही पामची झाडं. खांबासारखं बुंध्याचं झाड, वर चार झावळ्या, सावली म्हणाल तर ताटाएवढी. पर्यटकांना वाळवंट म्हणजे दुबई वाटायला हवी म्हणून असेल. मध्यंतरी देशभर कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड लावायचं वेड आलं होतं, झटपट हिरवं दिसतं म्हणून. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हे 'झटपट हिरवं' प्रकरण मारवाडला नवं नाही. विलायती बाभूळ, इथले लोक तिला बावळिया म्हणतात, जोधपूर संस्थानानं १९४० साली 'शाही झाड' म्हणून गौरवली होती. आज ती सगळीकडे माजली आहे आणि तिच्या आजूबाजूला देशी झाडं उगवत नाहीत. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यानात २००६ पासून बावळिया मुळासकट काढून मरुभूमीतली मूळ झाडं परत आणली, ते काम पाहण्यासारखं आहे. तरी बावळियाला सरसकट शिव्या देणाऱ्या निसर्गप्रेमींना मी एक सांगत असते. उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ पासून घरोघर आला, पण तो पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटते ती याच काटेरी फांद्यांवर. मोळी आणायला बाईच जाते. बावळिया उपटायची असेल तर उपटा, पण आधी तिच्या चुलीचं काय ते सांगा.

या शहराला कोणती झाडं लागतात हे म्हाताऱ्या बायांना विचारा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि ऊन तापायच्या आत पुन्हा भरगच्च होतो. खेजडीला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी येते. ही खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला तिची पूजा करतो आणि उरलेलं वर्षभर ती ओळखूही येत नाही. इथे तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा म्हणजे सांगरी भाजीला, वाळकी फांदी चुलीला. १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात माणसांनी तिची साल दळून खाल्ली. सांगरी तोडणं, उकडणं, वाळवणं सगळं बाईचं काम. बाजारात ती सुक्यामेव्याच्या भावानं विकली जाते, तिथे मात्र गल्ल्यावर पुरुष.

खेजडीचा विषय निघाला की भाषणात अमृतादेवी येतेच. जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३० साली महाराजा अभयसिंहाच्या नव्या महालासाठी चुना भाजायचा होता, चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवं होतं, म्हणून दरबारची माणसं खेजडी तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिला आणि तिच्या तीन मुलींना मारलं. मग आजूबाजूच्या गावांतले बिश्नोई येत गेले आणि ३६३ माणसं मेली, त्यात बायाही होत्या, पुरुषही होते. ११ सप्टेंबर हा दिवस आता वनशहीद दिवस म्हणून सरकार पाळतं. त्या दिवशी मंत्री खेजडलीचं नाव घेऊन सांगतात की भारतीय नारी निसर्गासाठी प्राण देते.

मला या वाक्याची भीती वाटते. राजस्थानात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी १९८७ साली देवराला पाहिलं किंवा त्याबद्दल ऐकलं आहे. बाईच्या मरणाचं मंदिर बांधणाऱ्यांपासून सावध राहायचं हे आपण तिथे शिकलो. खेजडलीची तुलना मी देवरालाशी करत नाही, ती करणं अमृतादेवीचा अपमान होईल. एक जाळली गेली नवऱ्याच्या चितेवर, दुसरी राजाच्या कुऱ्हाडीपुढे उभी राहिली. पण गौरव करणाऱ्यांची भाषा दोन्हीकडे एकच आहे. त्याग, बलिदान, देवी. लोककथेतली अमृतादेवी काय करते ते नीट ऐका. लाच दे, तुझं झाड सोडतो, असं दरबारची माणसं सुचवतात आणि ती नाकारते. ही राजाचा हुकूम आणि नोकरशाहीचा भ्रष्टाचार दोन्ही एकदम नाकारणारी शेतकरीण आहे. तिच्या ढोरांचा चारा, तिच्या घरची सांगरी आणि तिच्या धर्माचा नियम, तिन्ही तोडायला बांधकामवाले आले होते. आजही बांधकामवालेच येतात. गेल्या काही वर्षांत बिकानेर, फलोदी भागात सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्या जाऊ लागल्या आणि बिश्नोई पुन्हा रस्त्यावर आले. शेतजमिनीवरचं झाड विनापरवाना तोडलं तर १९५५ च्या राजस्थान कूळकायद्यात दंड लिहिला गेला तो पहिल्या झाडाला १०० रुपये. अमृतादेवीच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी तो आकडा कधीच बदलायला हवा होता.

आपल्याकडेही हा गोंधळ आहेच. वंदना शिवांचं 'स्टेइंग अलाइव्ह' १९८८ साली आलं तेव्हा स्त्री आणि निसर्ग यांच्या नात्यानं आपल्यापैकी अनेकींना भारून टाकलं. बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये त्याला उत्तर दिलं की हे नातं बाईच्या शरीरात किंवा स्वभावात नाही, ते श्रमविभागणीत आणि मालमत्तेच्या वाटपात आहे. सरपण ती आणते म्हणून तिला जंगल कळतं. मी अगरवाल यांच्या बाजूची आहे, आणि जोधपूरनं ते मत पक्कंच केलं. बाई स्वभावतःच झाडाची आई असेल तर मग तिला पाण्याची मजुरी कशाला द्यायची? 'एक पेड माँ के नाम'मधली खरी मेख ही आहे.

कारण पाणी तीच घालते. वस्तीत नळाला पाणी एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. टँकरच्या मागे हंडे घेऊन बायाच. त्या हंड्यातून भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायचं आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या रोपाला नेऊन घालायचं. हे रोज, दोन ते तीन उन्हाळे. इथल्या बाया वैशाखात पिंपळाला पाणी घालतात, चैत्रात दशामातेच्या दिवशी त्याला सूत गुंडाळतात. आपण वडाला गुंडाळतो. या पाण्याला पुण्य म्हणतात, त्यामुळे त्याला काम म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. आणि झाड मोठं झालं, बुंध्याभोवती चौथरा बांधला, की त्यावर बसतं कोण? पत्ते खेळणारे, बिडी ओढणारे, पंचायत करणारे पुरुष. बाया घुंघट पुढे ओढून बाजूनं निघून जातात. पाराबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे, पण पारावर टेकलेली बाई मला त्यात क्वचितच भेटली. सूत गुंडाळण्यापुरती ती पारावर चढते.

एमएसडब्ल्यूच्या वर्गात आम्हाला 'लोकसहभाग' हा शब्द शिकवला होता. पुढे क्षेत्रात कळलं की या शब्दाचा सरकारी अर्थ बायांचे फुकट श्रम असा आहे. गेल्या पावसाळ्यात वॉर्डाच्या कार्यालयातून माणसं रोपं घेऊन वस्तीत आली. योजना अशी की प्रत्येक बचतगटानं रस्त्याकडेची झाडं दत्तक घ्यायची, बायांना प्रमाणपत्र मिळेल, ओढणीवर लावायला बिल्ला मिळेल. पाण्याचं काय, असं एकीनं विचारलं. साहेब म्हणाले, "बहनजी, दो लोटा पानी तो माँ अपने बच्चे को भी पिलाती है." गटानं रात्री बैठक घेतली आणि सकाळी रोपं परत नेऊन ठेवली. रस्त्यावरचं झाड नगर निगमचं आहे, त्याला पाणी घालायचं काम आहे, कामाला रोजगार द्या, असा अर्ज सोबत दिला.

यावरून गटात भांडण झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. एक म्हातारी भयंकर चिडली. तिचं म्हणणं, तुमच्या हक्काच्या लढाईत माझी सावली कशाला मारता? मी आणखी किती उन्हाळे बघणार? तिनं एक कडुनिंब मागे ठेवून घेतला आणि आपल्या दाराशी लावला. तिला कुणीही अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. स्वतःच्या दारातलं झाड ही तिची खुशी. पण बसथांब्यावरच्या, दवाखान्याबाहेरच्या, शाळेच्या रस्त्यावरच्या झाडाला ती खुशी लावता येणार नाही. दिवाबत्ती फुकट होत नाही, गटार फुकट साफ होत नाही, होऊ नये म्हणून आपण भांडतो. मग सार्वजनिक सावली बायांच्या मायेवर का चालवायची?

मानधनाच्या जाळ्यातही अडकू नका. या राज्यात १९८४ साली महिला विकास कार्यक्रम आला. साथिन गावात सरकारचा सामाजिक सुधारणेचा कार्यक्रम डोक्यावर घेऊन फिरायची, महिना २०० रुपये मानधनावर. त्यातल्या भंवरी देवीनं बालविवाह रोखण्याचं सरकारचंच काम केलं, त्याची काय किंमत मोजली आणि त्यातून १९९७ चा विशाखा निकाल कसा आला हे या पानांवर पुन्हा सांगायला नको. साथिन, अंगणवाडी, आशा: बाईच्या श्रमाला 'मान' देऊन 'धन' वगळायची ही सरकारची जुनी रीत. उद्या 'वृक्षसखी' निघेल. निघालीच तर तिला मजूर म्हणूनच नेमलं पाहिजे, हजेरीपटावर नाव आणि किमान वेतन.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. राजस्थाननं ९ सप्टेंबर २०२२ रोजी शहरी रोजगार हमी योजना सुरू केली, आधी १०० दिवस, पुढच्या वर्षी १२५. कामांच्या यादीत वृक्षारोपण, रोपवाटिका, बागांची देखभाल होती, आणि कामावर येणाऱ्यांत बायाच जास्त. जुलै २०२३ मध्ये विधानसभेनं किमान उत्पन्नाच्या हमीचा कायदाही केला. सत्ताबदलानंतर उत्साह ओसरला, तरी झाडाला पाणी घालणं हे मजुरीचं काम आहे हे एका राज्य सरकारनं कागदावर मान्य केलं होतं, ते आपण विसरू द्यायचं नाही. महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना तर हे सांगायलाच नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या घामातून आपली रोजगार हमी आली. कामावर पाळणाघर, पिण्याचं पाणी, सावली या मागण्या आपणच लढवल्या आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही विसाव्याला सावली हे लिहिलं गेलं. सावली हा शब्द कायद्याच्या पुस्तकात एकदा शिरलेला आहे.

पाणी नाही, हे उत्तर जोधपूरच्या निगमनं तरी देऊ नये. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसा योजनेतून शहरात आल्यापासून जुन्या विहिरी-बावड्यांचा उपसा थांबला आणि जमिनीखालची पातळी इतकी चढली की जुन्या शहरातल्या दुकानांच्या तळघरांत पाणी भरतं. वर्षानुवर्षं ते पंपानं उपसून गटारात सोडलं जातं. वाळवंटात! ते पिण्याजोगं नाही हे खरं, पण कडुनिंबाला काय त्याचं? तळघराचं पाणी टँकरनं झाडांपर्यंत न्यायला कोणतंही नवं धरण लागत नाही.

आणि ही देखभाल अकुशल नाही. इथे कुदळीखाली खडक लागतो. राव जोधा उद्यानात खाणकामगार हातोडीचा ठोका ऐकून खडक कुठे फुटेल ते सांगत, त्यांच्या त्या ज्ञानाची सर्वत्र वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. रोप जगवणारीचं ज्ञानही तसंच आहे. लावणी ५ जूनला नाही, पहिल्या दोन चांगल्या सरी झाल्यावर. आळं बुंध्याला चिकटून नाही, थोडं दूर, म्हणजे मुळं बाहेर पसरतात. रोज तांब्याभर पाण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा खोलवर भिजवणी, तीही सूर्य मावळल्यावर. वर पालापाचोळ्याचं, खड्यांचं आच्छादन. कठडा वेळेवर काढणं, नाहीतर लोखंड सालीत रुततं. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडणं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता, तो इथे कुणी वाचलेला दिसत नाही. विजेच्या तारांसाठी झाडाची मुंडी उडवणारा ठेकेदार आणि शेळीला पाला काढताना झाड जगेल अशी फांदी निवडणारी बाई, यांच्यात कुशल कोण?

आमच्या अर्जाला उत्तर आलेलं नाही. दरम्यान गटानं दुसरी यादी केली आहे, झाडं कुठे हवीत त्याची: रेशन दुकानाची रांग जिथे वळते तिथे, बाह्यरुग्ण विभागाबाहेर, अंगणवाडीच्या पश्चिमेच्या भिंतीला, मजूर अड्ड्यावर, भाजी बाजारात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश बाया असायला हव्यात. त्या बायांनी ही यादी तिथे ठेवायची असं ठरलं आहे. शिवाय माहितीच्या अधिकारात वृक्षारोपणाच्या निविदेची प्रत मागितली आहे. ठेकेदारानं रोप किती वर्षं सांभाळायचं, मेलं तर बदलून कुणी द्यायचं, पाण्याचे पैसे कुणाच्या नावावर निघतात, एवढं पाहायचं आहे. हजेरीपट आणि बिलं चव्हाट्यावर वाचायची रीत याच राज्यातल्या मजूर-शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात जनसुनावण्यांतून घालून दिली, त्यामुळे इथे ते नवं नाही.

चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणीच्या मैत्रिणींना विनंती, तुमच्याही पालिकेकडे असाच अर्ज करा. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं बंधनकारक आहे. तुमच्या शहरात शेवटची गणना कधी झाली, प्राधिकरणावर किती बाया आहेत आणि देखभालीचा ठेका कुणाला दिला, एवढी तीन उत्तरं मिळाली की ती पुढच्या अंकासाठी संपादकांकडे पाठवा. आमच्या निविदेची प्रत हाती आली की तीही आम्ही इथे छापायला देऊ.